कड्यातली गुहा, काव लागलेली हाडं आणि आमच्या गावची घळ

खडपावरचा_मास्तर

नमस्कार मंडळी. बरेच दिवस मनात घोळतंय ते आज लिहून काढतो. लांबेल, पण शेवटपर्यंत वाचा ही विनंती.

मे महिन्यात मुलाकडे वेल्समध्ये, स्वान्सीला होतो. तिथून तासाभरावर गावर नावाचं द्वीपकल्प आहे. त्याच्या दक्षिण किनाऱ्यावर चुनखडीच्या कड्यात पॅव्हीलंडची गुहा आहे, तिला तिकडे गोट्स होल म्हणतात. मुलाने आधी भरती-ओहोटीचं वेळापत्रक पाहिलं. त्या ब्रिस्टल खाडीत भरती आणि सुकती यांतला फरक 10 मीटरच्या वर जातो. आपल्याकडे तो जेमतेम दोन-सव्वादोन मीटर. तिथे वेळ चुकली तर माणूस कड्याखाली अडकतो आणि पाणी थांबत नाही. आम्ही सुकती लागल्यावर खडपांवरून उतरलो. शेवटचा टप्पा मुलाने हाताला धरून नेला. गुहेचं तोंड उभं, वर निमुळतं, खाली फुगीर. आत गेलो की समुद्राचा आवाज एकदम मागे राहतो.

1823 च्या जानेवारीत ऑक्सफर्डचे भूविज्ञानाचे प्राध्यापक विल्यम बकलंड इथे आले. काही आठवडे आधी गावच्या लोकांना आत हत्तीची म्हणून जनावरांची हाडं मिळाली होती (ती मॅमथची निघाली), त्याची खबर त्यांना लागली होती. बकलंडना उथळ खड्ड्यात एका माणसाचा सांगाडा सापडला. कवटी नाही, उजव्या बाजूची बरीचशी हाडं नाहीत, आणि उरलेली सगळी काव लावल्यासारखी तांबडी. मांडीजवळ मूठ-दोन मुठी बारक्या शंख्या. छातीपाशी हस्तिदंताच्या कांड्या आणि कड्यांचे तुकडे.

बकलंड पाद्रीही होते. माणूस नोहाच्या जलप्रलयाआधीचा असणं त्यांच्या हिशेबात बसत नव्हतं. आधी त्यांनी ठरवलं की हा चोरट्या व्यापाऱ्यांनी मारलेला जकातीचा शिपाई. मग दागिने पाहून मत बदललं आणि रोमन काळातली बाई म्हटलं, कड्यावरच्या जुन्या छावणीच्या आसऱ्याने राहिलेली. तेव्हापासून नाव पडलं ते 'रेड लेडी', तांबडी बाई. प्रत्यक्षात तो विशीच्या आसपासचा तरुण पुरुष होता. रेडिओकार्बनने आधी वय आलं सुमारे 18 हजार वर्षं, मग 26 हजार. हाडातलं प्रथिन जास्त शुद्ध करायची पद्धत आल्यावर कॅलेंडरच्या हिशेबात ते 33-34 हजार वर्षांवर गेलं. पश्चिम युरोपातल्या सर्वांत जुन्या विधिवत दफनांत आज त्याची गणना होते.

मी गुहेत बसलो आणि मला आमची घळ आठवली.

गोव्यात पेडणे तालुक्यातलं आमचं किनाऱ्याचं गाव. कड्याखाली एक घळ आहे, सुकतीला चालत जाता येतं. 1974 साली मी पाचवीत होतो. पावसाळ्यानंतर घळीच्या आतली दरड खचली आणि रापणकारांना, म्हणजे किनाऱ्यावरून जाळं ओढणाऱ्या मासेमारांना, हाडं दिसली, माणसाची. आम्ही पोरं धावत गेलो. मी एक शिंपली उचलली होती, तिला नेमकं गोल भोक होतं, दोरा ओवायला पाडावं तसं. आजीने ती हातातून काढून घेतली. मोठ्या माणसांनी गाऱ्हाणं घातलं, नारळ दिला, हाडं गोणीत भरली आणि दर्यात सोडली. कुठे नोंद नाही, फोटो नाही. घळीत ती कशी होती, किती होती, कुणाची होती, सगळं गेलं.

मी पस्तीस वर्षं मास्तरकी केली, मुलांना इतिहास शिकवला. पॅव्हीलंडला चुका झाल्या, पण हाडं राहिली म्हणून दोनशे वर्षांत त्या चुका दुरुस्त झाल्या. आमच्या घळीतलं काहीच राहिलं नाही. मला याचा राग येतो, तो आपल्याच माणसांचा येतो, म्हणून जास्त त्रास होतो.

कुणाच्या गावात असं काही झालं असेल तर लिहा.

जांभा_दगड

सर, सुंदर लिहिलंय. मी फोंड्याला उच्च माध्यमिकमध्ये भूगर्भशास्त्र शिकवतो, त्या बाजूने थोडं सांगतो.

पॅव्हीलंडचा कडा चुनखडीचा, म्हणून हाडं टिकली. हाड म्हणजे मुख्यतः कॅल्शियम फॉस्फेट, आणि भोवती चुना असला की ते विरघळत नाही. आपला गोवा जांभ्याचा. अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस जांभ्यातून झिरपतो, चुना-पोटॅश सगळं धुऊन नेतो, मागे लोह आणि अॅल्युमिनियम उरतं. माती आंबट होते. अशा मातीत हाड काही पिढ्यांत भुसभुशीत होतं आणि मग नाहीसंच होतं. म्हणून गोव्यात जुन्या माणसाच्या खुणा शोधायच्या त्या दगडात. कुशावतीच्या काठी पणसायमळला जांभ्याच्या सड्यावर बैल, मोर आणि तो गोल चक्रव्यूह कोरलाय ना, कोरणारा माणूस तिथेच कुठे तरी मेला असेल, पण त्याचं एक हाड आपल्याला मिळायचं नाही.

उलट घाटावर पाहा. शिरूर तालुक्यात घोड नदीकाठचं इनामगाव. डेक्कन कॉलेजने 1968 पासून बरीच वर्षं तिथे उत्खनन केलं. तीन हजार वर्षांपूर्वीची माणसं घराच्या जमिनीखाली पुरलेली, मोठ्यांचे पाय घोट्यापासून तोडलेले, लहान मुलं दोन रांजणांची तोंडं एकमेकांना लावून आत ठेवलेली. सगळं मिळालं, कारण तिथली काळी माती चुनखडीयुक्त.

तेव्हा तुमच्या घळीतली हाडं, दरड जांभ्याची असेल तर, हजारो वर्षांची असणं कठीण. शे-दीडशे वर्षांची, फार तर थोडी जास्त. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून लिहू की नको असं झालं होतं.

खडपावरचा_मास्तर

जांभा, लिहिलंत ते बरं केलंत. दरड जांभ्याचीच आहे. हे मला कुणी आजवर सांगितलं नव्हतं.

दोनापावला_शिंपली

मी समुद्रविज्ञान शिकते. मास्तर, त्या शिंपलीचं भोक आठवतंय का? म्हणजे कडा सरळ होती की उतरती? कशाच्या जवळ होतं?

खडपावरचा_मास्तर

इतक्या वर्षांनंतरही डोळ्यांसमोर आहे बाय. तिसऱ्यांएवढी शिंपली. दोन शिंपा जिथे जोडलेल्या असतात त्या टोकाजवळ भोक. मसुराएवढं. बाहेरून रुंद आणि आत निमुळतं होत गेलेलं, जणू कुणी गिरमिट फिरवलंय. म्हणूनच माणसाचं काम वाटलं.

दोनापावला_शिंपली

मास्तर, ते काम शंखातल्या किड्याचं आहे. नॅटिका जातीचे मांसाहारी शंख असतात. ते वाळूत तिसऱ्यांना पकडतात, तोंडातली खरखरीत जीभ आणि आम्ल वापरून कवच पोखरतात आणि आतलं मांस शोषून घेतात. भोक नेमकं तसंच होतं, बाहेर रुंद, आत अरुंद, बहुतेकदा जोडाजवळ. मीरामारला अर्धा तास फिरलात तरी अशा दहा शिंपल्या मिळतील. माणसाने दगडाने टोचून पाडलेलं भोक खडबडीत असतं, आणि दोरा ओवून वापरलं असेल तर एका बाजूला दोऱ्याने घासून गुळगुळीत झालेलं असतं. भिंगाखाली ते स्पष्ट दिसतं.

तुमच्या लेखातल्या गुहेबद्दल एक भर घालते. त्या तरुणाला पुरलं तेव्हा ती गुहा समुद्रकाठी नव्हतीच. तो हिमयुगाचा काळ, पाणी बर्फात अडकलेलं, समुद्र सुमारे 110 किलोमीटर लांब. गुहेतून खाली गवताळ मैदान दिसायचं, त्यावर मॅमथ आणि लोकरी गेंडे चरायचे. आपल्याकडेही तसंच. वीसेक हजार वर्षांपूर्वी जगभर समुद्राची पातळी आजच्यापेक्षा सुमारे 120 मीटर खाली होती. म्हणजे आज हरमल-केरीहून ट्रॉलर जिथे जाळी टाकतात, तिथे कित्येक किलोमीटर जमीन होती. आपल्या किनाऱ्यावरच्या जुन्या माणसाचा किनारा आज पाण्याखाली आहे. घळीतलं काही खूप जुनं असलं तर ते किनाऱ्यावर राहणाऱ्या माणसाचं नसेल, डोंगरात राहणाऱ्या माणसाचं असेल.

कावी_रेखा

हाडांवरचा तो तांबडा रंग म्हणजे काव, गेरू. लोहाची माती. आमच्या घरी कावी काम चालायचं, देवळाच्या भिंतीला शंखा-शिंपल्यांचा भाजलेला चुना लावायचा, ओला असताना वर काव फिरवायची, मग कोरून पांढरं बाहेर काढायचं. हाताला लागलेली काव आठ दिवस जात नाही, नखांच्या कडेत राहते. तेहतीस हजार वर्षांनीही हाडावरून गेली नाही, हे वाचून माझे स्वतःचे हात आठवले. त्याला पुरताना ज्याने ती लावली, त्याचेही हात कितीतरी दिवस तांबडे राहिले असतील.

सुकती

मास्तर, मी तुमच्याच बाजूची, लग्न होऊन वास्कोला आले. हा धागा तीन दिवस वाचतेय, आज लिहिते.

माझे आजोबा, आईचे वडील, दर्यात गेले ते आले नाहीत. 1958 चा पावसाळा तोंडावर होता. होडी मिळाली, उलटी. बरोबरचे दोघे किनाऱ्याला लागले, आजोबा नाही. आजीने बारा वर्षं कुंकू पुसलं नाही. बारा वर्षं झाल्यावर भटजींनी पळसाच्या पानांचा माणूस केला, अंगाच्या प्रत्येक भागाला ठरलेली पानं, डोक्याला नारळ. त्याला अग्नी दिला. आई सांगायची, आजी त्या पानांच्या माणसाचे पाय धरून रडली. मग बांगड्या फोडल्या.

तुमच्या घळीतली हाडं 1974 ची. जांभा म्हणतात शे-दीडशे वर्षांची असतील, पण म्हणजे त्याहून कमीही असू शकतात ना? आमच्या आजोबांची असतील असं मी म्हणत नाही. पण कुणाचे तरी आजोबा होते ते. मास्तर, तुम्हाला त्या माणसांचा राग येतो असं लिहिलंत. मला ते वाचून तुमचा राग आला. अनोळखी माणसाला त्यांनी गाऱ्हाणं घालून, नारळ देऊन पोचवलं. आमच्या आजोबांना कुठल्या तरी किनाऱ्यावर कुणी एवढं केलं असेल, याच आशेवर आजी जगली.

खडपावरचा_मास्तर

सुकतीबाय, तुमचं वाचून कालची रात्र झोप लागली नाही. मी ती हाडं हाडं म्हणूनच पाहत होतो. पॅव्हीलंडच्या तरुणालासुद्धा कुणी तरी काव लावून, शंख्या देऊन पोचवलं होतं, आणि ते सांगताना माझा गळा भरून आला होता. तेच आमच्या रापणकारांनी केलं तेव्हा मला ते अडाणीपण वाटलं. मी चुकलो. माफ करा.

वकीलबाई_म्हापसा

भावना समजते, पण आज कुणाला असं काही दिसलं तर कृपा करून हात लावू नका, गोणीत भरू नका. पहिला फोन पोलिसांना, 112. हाडं जुनी की अलीकडची हे आपण ठरवायचं नाही, त्यात एखादा खूनही असू शकतो आणि एखादी बेपत्ता व्यक्तीही. सुकतीताईंच्या आजीसारखी वाट बघणारी आजही कुणी तरी असते. पंचनामा होतो, डॉक्टर तपासतात, आणि जुनी ठरली तर पुरातत्त्व खात्याकडे जातात. तोपर्यंत लांबून फोटो, शेजारी एखादी पट्टी किंवा चप्पल ठेवून, म्हणजे माप कळतं.

जुनें_गोंय

मी जुन्या गोव्यात पर्यटकांना जागा दाखवतो. मास्तरांच्या नोंदीच्या मुद्द्यावर एक खरी गोष्ट आमच्या डोळ्यांसमोरची.

सेंट ऑगस्टिनचा तो मोडका मनोरा सगळ्यांनी पाहिलाय, 46 मीटर उंच. तिथे जॉर्जियाच्या राणी केतेवानचे अवशेष होते. इराणच्या शाह अब्बासने तिला धर्म बदलायला सांगितलं, तिने नकार दिला, 1624 साली शिराझला तिला हाल करून मारलं. ऑगस्टिनियन पाद्र्यांनी तिची हाडं काढून घेतली आणि काही 1627 साली गोव्याला आणली. पुढे मठ बंद पडला, छप्पर कोसळलं, सगळ्यावर दगड-माती आणि झाडं. पण पाद्र्यांनी लिहून ठेवलं होतं: अमुक चॅपलमध्ये, अमुक बाजूच्या दुसऱ्या खिडकीखाली, काळ्या दगडाच्या पेटीत. या शतकाच्या सुरुवातीला भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने त्या कागदाच्या आधाराने ती जागा उकरली आणि हाताचं हाड मिळालं.

मग हैदराबादच्या सीसीएमबी या जीवशास्त्राच्या संशोधन संस्थेने डीएनए तपासला. 2013 मध्ये निष्कर्ष आला. त्या हाडातला आईकडून येणारा वंशगट यू1बी निघाला. हजारो भारतीयांच्या नमुन्यांत तो नाही, जॉर्जियात आहे. शेजारी मिळालेली दुसरी दोन हाडं मात्र इथल्याच माणसांची निघाली. विचार करा, तीन हाडं एका ठिकाणची, नुसती पाहून कुणाला फरक कळला असता? 2021 च्या जुलैमध्ये भारताने तिचा अवशेष जॉर्जियाला दिला. टीव्हीवर ते पाहताना माझी आई हात जोडून बसली होती, ख्रिस्ती राणी आणि आमचं काय नातं, पण हात जोडले.

तुमचा पॅव्हीलंडचा तरुण अजून ऑक्सफर्डच्या संग्रहालयात आहे ना? वेल्सला परत गेला का?

खडपावरचा_मास्तर

ऑक्सफर्डलाच आहे. मध्ये वर्षभर कार्डिफला उसना आणला होता. तिथले लोक परत मागतात. आम्ही गेलो त्या दिवशी गुहेत एका दगडावर कुणी रानफुलं ठेवली होती, ताजी होती, दुसरं कुणी दिसलं नाही.

दोनापावला_शिंपली

मास्तर, एक सुचवू? तुम्ही पाचवीत होतात. तेव्हाचे रापणकार कुणी हयात असतील तर त्यांना विचारा. हाडं नाहीत, पण ज्यांनी ती उचलली त्यांच्या आठवणीत ती कशी पडली होती ते असेल. हातपाय पसरलेले की मुडपून ठेवलेले, एवढं कळलं तरी पाण्याने आणून टाकलेला माणूस होता की कुणी पुरलेला, याचा अंदाज येतो.

खडपावरचा_मास्तर

मंडळी, पंधरा दिवसांनी लिहितोय.

शिंपली म्हणाली तसं केलं. त्या वेळच्या रापणीतले एकच तातू आता आहेत, चौऱ्याऐंशी वर्षांचे. ओसरीवर बसून दोन दुपारी त्यांच्याशी बोललो आणि बोलले तसं वहीत उतरवलं. दिसायला कमी दिसतं, पण बोलणं पक्कं. हाडं एकाच माणसाची, असं ते म्हणाले. डोकं होतं. गुडघे पोटाशी नव्हते, एक हात डोक्यावरून मागे गेलेला, पाय वाकडेतिकडे, त्यांच्यात शेवाळलेल्या दोरीचा तुकडा. "भरतीन आणून घातलेलो तो," एवढंच म्हणाले. कमरेपाशी करदोटा होता का, गळ्यात क्रूस होता का, हे मी विचारलं. त्यांनी हात हलवून नाही म्हटलं, आणि मग बराच वेळ काही बोलले नाहीत.

नंतर त्यांनी सांगितलं ते मला इतकी वर्षं ठाऊक नव्हतं. हाडं दर्यात सोडली नव्हती. आम्ही पोरं घाबरून रात्री घळीकडे जाऊ नये म्हणून तसं सांगितलं होतं. दर्याने एकदा टाकलेला माणूस परत दर्याला द्यायचा नाही, असं त्यांच्या बापाने सांगितलं. म्हणून भरतीच्या रेषेच्या वर, वाळूच्या टेंबावर उंडीचं जे जुनं झाड आहे, त्याच्याखाली कमरेइतका खड्डा करून गोणी ठेवली आणि वर तीन दगड. दर अवसेला तातूंची बायको तिथे पणती लावायची. ती गेल्यावर कुणी लावली नाही.

जांभा, ती वाळू शिंपल्यांच्या चुऱ्याची आहे, पांढरी. तुमच्या हिशेबाने तिथे हाड टिकतं, बरोबर ना? हे कळल्यावर माझ्या मनात काय आलं असेल ते तुम्ही ओळखलंच असेल. वकीलबाई, तुम्हाला मी वेगळा फोन करणार आहे, कुणाला कळवायचं आणि कसं ते विचारायला. सुकतीबाय, तुमच्या आईचा डीएनए घेऊन ताडून पाहता येईल का हेही विचारतो. तुमची इच्छा असेल तरच, नसेल तर हा विषय इथेच थांबवू.

सुकती

मास्तर, आईला वाचून दाखवलं. ती त्र्याहत्तर वर्षांची आहे. बराच वेळ गप्प बसली, मग विचारलं, उंडीखाली सावली असते ना? तपासणीचं तिला समजावलं. ती नको म्हणाली. पण पुढच्या अवसेला तिला तिथे यायचंय. कुणाचीही असोत, पणती लावायची म्हणते.

खडपावरचा_मास्तर

या बाय, आईला घेऊन या. जेवायला आमच्याकडेच.

तातूंना सांगितलं की कुणी तरी पणती लावायला येणार आहे. उकरण्याचंही विचारलं. म्हणाले, "तेका थंयच रवांदी." त्याला तिथेच राहू दे.

काल सुकतीला घळीत जाऊन आलो. तातूंनी सांगितलेली जागा खडूने खूण करून फोटो काढले, शेजारी पट्टी ठेवून. घळीच्या तोंडापासून उंडीपर्यंत 140 पावलं भरली, वाट थोडी वर चढते. तीन दगडांपैकी दोन दिसतात, तिसरा वाळूत गेलाय. हे सगळं वहीत आहे. वहीची एक प्रत गावच्या वाचनालयात ठेवली आहे.